मंगळवारचा शास्त्राभ्यास: वर्षभर बसून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

पुण्यातील आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात जो शास्त्राभ्यासवर्ग (बायबलच्या अभ्यासाचा वर्ग) चालतो, त्याविषयी गेल्या काही महिन्यांत मला तीन-चार जणांनी विचारले आणि प्रत्येकाला मी निराळे उत्तर दिले. दोघांना ‘अवश्य या’ म्हणालो, एकाला मात्र ‘तुम्हाला तिथे चैन पडेलसे वाटत नाही’ असे स्पष्ट सांगितले. दोन्ही उत्तरे मनापासूनची होती, म्हणून त्यांचे कारण एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. वर्षभरात एकूण ४४ बैठका झाल्या आणि त्यांपैकी ३७ बैठकांना मी उपस्थित होतो, तेव्हा हा अभिप्राय दोन-चार वेळा डोकावून गेलेल्या माणसाचा नाही एवढे तरी म्हणता येईल.

मी जन्माने ख्रिस्ती आहे. पणजोबांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यात झाला, घरी रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होत असे, शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) बायबलमधील वचने पाठ केल्याबद्दल मला दोनदा बक्षीसही मिळाले होते. वचने अशी पुष्कळ पाठ होती. ती कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितली हे मात्र त्यांतल्या बहुतेकांविषयी मला सांगता आले नसते. गृहसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, कोणी ‘आज तुम्ही प्रार्थना करा’ म्हटले की माझ्या तोंडून तीच ठरलेली पाच वाक्ये बाहेर पडत. याची लाज वाटायची, पण ती सवयीची झाली होती. शेवटी एका साध्या प्रसंगाने मला वर्गापर्यंत नेले. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने डबा खाताना निर्मळ कुतूहलाने विचारले, की ख्रिस्त एकच, तर त्याची चरित्रे चार कशाला? त्या प्रश्नात टीका नव्हती, तरीही मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलला. चाळीस वर्षे ज्या पुस्तकापुढे डोके टेकवले, त्याच्याविषयी सरळ विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नाही, ही गोष्ट मला बराच काळ सलत राहिली.

त्याआधी मी स्वतःहून प्रयत्न केले नव्हते असे नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक (चर्चचे धर्मगुरू) रॉबर्ट मरे मॅक्‌चेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी रोजच्या वाचनाचा एक तक्ता तयार केला होता. त्यानुसार वर्षभरात बायबलचा जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होतात. हा तक्ता आजही जगभर वापरला जातो आणि मोबाइलवर सहज मिळतो. मी तो जानेवारीत मोठ्या उमेदीने सुरू केला आणि एप्रिलमध्ये लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायापाशी, त्वचारोगाच्या नियमांत, थांबलो. दोष तक्त्याचा नव्हता. दिवसाला चार अध्याय वाचायचे म्हटले की माझे लक्ष अध्यायांपेक्षा खुणा करण्याकडे जास्त असे, आणि रात्री अकरा वाजता डोळे मिटत असताना वाचलेल्या यादीवर बरोबरची खूण केली की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळे. बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत हे मला त्या वर्षी कळले; वाचलेल्या भागातले फारसे काही आठवत नाही.

वर्गाची रचना याच्या अगदी उलट आहे. सगळ्या वर्षात तीनच पुस्तके घेतली: मार्ककृत शुभवर्तमानाला (येशूच्या चार चरित्रांपैकी एकाला) २२ बैठका, प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राला ७ आणि यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाला ९. उरलेल्या ६ बैठका निवडक स्तोत्रांना दिल्या. वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, पाळक नाहीत, आणि ही गोष्ट माझ्या मते वर्गाच्या फार उपयोगाची ठरली. पाळकसाहेबांसमोर माणसे उपदेश ऐकण्याच्या पवित्र्यात बसतात. बाईंसमोर गृहपाठ न करता बसायची सोय नव्हती. ठरलेला भाग घरी तीनदा वाचायचा: एकदा मोठ्याने, एकदा हातात पेन्सिल घेऊन आणि एकदा दुसऱ्या भाषांतरातून. मग वर्गात पाळीपाळीने वाचन, दहा मिनिटे शांतता आणि त्यानंतर बोलणे. ‘ओळीत काय आहे ते आधी सांगा, मनात काय आहे ते मागून,’ हे त्यांचे वाक्य वर्षभरात शंभरदा तरी ऐकले असेल. बाई स्वतः शेवटी बोलत, तेही थोडे.

पहिले दोन महिने मला हे सारे कंटाळवाणे वाटले, हे कबूल केले पाहिजे. एका बैठकीत पंधरा-वीस ओळी, त्यांतही ‘लागलेच’ हा शब्द किती वेळा आला ते मोजा, ‘त्याने’ म्हणजे नक्की कोणी ते सांगा, असली कामे शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखी वाटत. माझे मन मार्काच्या आठव्या अध्यायापाशी पालटले. बेथसैदा येथील आंधळ्याला येशू गावाबाहेर नेतो आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा त्या माणसाला आधी माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. पुन्हा हात ठेवल्यावर सर्व स्वच्छ दिसू लागते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. पण प्रभूला एकाच चमत्कारासाठी दोनदा हात का ठेवावा लागला, हा प्रश्न बाईंनी विचारला तेव्हा खोलीत कोणीच बोलेना. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या ओळी वाचायला सांगितल्या. पुढे लगेच फिलिप्पाच्या कैसरीयाकडे जाताना येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, ‘आपण ख्रिस्त आहात’. आणि त्याच्याच पाठोपाठ, ख्रिस्ताने दुःख सोसायचे आहे हे ऐकून तोच पेत्र प्रभूला अडवू पाहतो व कडक शब्द ऐकून घेतो. म्हणजे पेत्रालाही अजून माणसे झाडांसारखीच दिसत होती. हे कोणी सांगितले असते तर मी मान डोलावून विसरून गेलो असतो. ते ओळींतून स्वतः सापडले, आणि त्या रात्री स्कूटरवरून घरी जाताना मला आपल्या अर्धवट दिसण्याची पहिल्यांदा भीती वाटली नाही.

त्यानंतर नवव्या अध्यायातला तो बाप, जो एकाच दमात आपला विश्वास असल्याचे सांगतो आणि आपल्या अविश्वासासाठी मदतही मागतो, माझ्या फार जवळचा झाला. माझ्या शेजारी बसणाऱ्या, मुलगा दारूपायी गमावलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती ओळ वाचताना पुस्तक मिटले आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. वर्गाचे मूल्यमापन करताना अशा गोष्टी मोजायच्या कशा हे मला समजत नाही. पण त्या घडतात, आणि त्या घडण्याइतकी जागा दीड तासात ठेवलेली असते.

फिलिप्पैकरांस पत्राची सुरुवात वेगळ्या प्रकारे झाली. बाईंनी पत्राचा सगळा मजकूर अध्याय व ओळींचे आकडे काढून टाकून पाठपोट छापून आणला होता. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्लंडमधील धर्मगुरूंकडून आली आणि नव्या करारातील ओळींना आकडे १५५१ साली रोबेर एत्येन या मुद्रकाने दिले. पौलाने मात्र सलग पत्र लिहिले होते, तेव्हा आपणही एकदा ते पत्रासारखे ऐकू, असे त्या म्हणाल्या. एकाने उभे राहून ते वाचले. सुमारे पंधरा मिनिटे लागली. चार अध्याय आणि १०४ ओळी म्हणून ज्याची ओळख होती, ते एका कैद्याने आपल्या मित्रांना लिहिलेले पत्र असल्याचे तेव्हा कानांना जाणवले. देणगी घेऊन आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारातून परतल्याची बातमी त्यात आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचे पटत नाही हेही त्यात आहे, आणि ते साऱ्या मंडळीसमोर नावानिशी वाचले गेले असणार या कल्पनेने आमच्या महिला मंडळातल्या भगिनींना बरेच हसू आले.

याच पत्राच्या चौथ्या अध्यायातली तेरावी ओळ आमच्या घराघरांत आहे. सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे, अशा अर्थाची ही ओळ दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलाच्या कंपासपेटीत, क्रिकेटच्या बॅटवर, दुकानाच्या गल्ल्यामागे सगळीकडे आढळते. पत्र सलग ऐकल्यावर तिच्या आधीच्या दोन ओळी टाळता येत नाहीत. पौल तिथे विपुलतेत व उणिवेत, तृप्तीत व भुकेत समाधानी राहण्यास शिकल्याचे सांगत आहे. परीक्षेत पहिला येण्याविषयी तिथे काही नाही. उपाशी राहूनही न कोसळण्याविषयी आहे. या वाचनाने माझ्याकडची एक सोपी ओळ गेली आणि तिच्या जागी अवघड ओळ आली. तरुण संघातल्या एका मुलाला हे अजिबात आवडले नाही, आणि त्याने तसे वर्गात सांगितले. बाईंनी त्याचे म्हणणे खोडून न काढता फळ्यावर लिहून ठेवले, हे मला आवडले.

यिर्मयाविषयी मात्र माझी तक्रार आहे. बावन्न अध्यायांचे पुस्तक नऊ बैठकांत उरकणे म्हणजे एक्सप्रेस गाडीतून गावे मोजण्यासारखे आहे. मार्काला दिलेला संयम इथे का सुटला ते कळत नाही. एका बैठकीसाठी तरी मी या घाईचीही क्षमा करीन. एकोणतिसाव्या अध्यायातले, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ अशा आशयाचे वचन आमच्या घरातल्या दिनदर्शिकेवर होते. वडील शेवटच्या आजारात असताना आई ते रोज मोठ्याने वाचत असे आणि आम्ही सगळे ते वडिलांच्या बरे होण्याचे अभिवचन मानून बसलो होतो. वडील गेले. दिनदर्शिका उतरवली गेली आणि त्या वचनावरचा माझा राग पुढे नऊ वर्षे टिकला. हे मी वर्गात कोणालाच सांगितले नव्हते.

त्या मंगळवारी आम्ही आधी अठ्ठाविसावा अध्याय वाचला. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा, दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे लोकांना आवडेल ते सांगतो. मग यिर्मयाचे पत्र येते. ते इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यकन्या राजाबरोबर बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांसाठी यरुशलेमहून पाठवले आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, परत यायला सत्तर वर्षे लागतील, असे ते सांगते. आणि हितसंकल्पांचे ते वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढच्या ओळीत येते. बाईंनी विचारले, ‘हे पत्र ऐकणाऱ्यांत चाळिशीची माणसे असतील ना? ती परत गेली असतील का?’ कोणीतरी हिशेब करून म्हणाले, नाही. मी खिडकीकडे पाहत बसलो. परत न जाणाऱ्यांनाही ते वचन दिले होते, एवढेच मला त्या दिवशी कळले आणि एवढे पुरेसे होते. आईला हे सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले.

आता व्यवस्थेविषयी. वर्गाला शुल्क नाही, दाराशी अर्पणाची पेटी असते. चहा बरा असतो. वर्ग सातला सुरू होणार म्हणून जाहीर केले असले तरी तो सव्वासातच्या आधी कधीच सुरू झाला नाही, आणि शेवट मात्र लांबतो. ज्या भगिनींना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो त्या आठ वाजल्यापासून घड्याळाकडे पाहू लागतात. वर्षाच्या आरंभी अठरा जण होतो, शेवटी अकरा-बारा राहिलो. गळालेल्यांत बायकाच जास्त होत्या आणि वेळ हेच त्याचे कारण असावे असा माझा तर्क आहे. रविवारी उपासनेनंतर हाच वर्ग ठेवता येईल काय, याचा विचार व्हायला हवा.

अभ्यासपुस्तिका हा वर्गाचा सर्वांत कच्चा भाग आहे. ती बाहेरून मागवलेली, कोणत्यातरी परक्या भाषेतून मराठीत ओतलेली असून तिच्यातली वाक्ये दोनदा वाचल्याशिवाय उलगडत नाहीत. उदाहरणेही बर्फात अडकलेल्या मोटारीची आणि अंगणातल्या हिरवळीची. ज्या भाषेत नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, आणि ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात राहून, हिब्रू व ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना समजेल असे सबंध बायबलचे भाषांतर अखेरच्या दिवसांपर्यंत चालवले, त्या भाषेत शास्त्राभ्यासाची चाळीस पानांची पुस्तिका धड असू नये याचे वाईट वाटते. सुदैवाने बाईंनी नाताळानंतर ती बाजूला ठेवली. टिळकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो: आगगाडीत भेटलेल्या एका परक्या माणसाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते असे खिळले की १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या हातात कोणती प्रश्नपुस्तिका नव्हती.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांची अडचण निराळी आहे. आपले ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे मराठी बायबल, त्यांना अडखळत वाचावे लागते. ‘भीडस्तपणाने’ किंवा ‘सुज्ञता’ अशा शब्दांशी ती थांबतात आणि पाळीने वाचताना संकोचून जातात. दोघेजण त्यामुळेच यायचे बंद झाले. मोबाइलवर मराठी आणि इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून वाचायची मुभा पहिल्या दिवसापासून दिली असती तर ते टिकले असते. बाईंचा मोबाइलला विरोध मी समजू शकतो, कारण एकदा हातात आला की तो माणसाला भलतीकडेच नेतो. पण इथे त्यांनी थोडे नमते घ्यायला हवे होते. वर्गाच्या व्हॉट्‌सअ‍ॅप गटाबद्दल न बोललेले बरे. आठवडाभर मंगळवारची शिस्त शिकायची आणि रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या चित्रावर एकेक सुटे वचन स्वीकारायचे, हे विसंगत आहे.

ज्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरे लगेच आणि ठाम शब्दांत हवी असतात त्यांनी या वर्गाला जाऊ नये. मार्काच्या सोळाव्या अध्यायात, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान आठव्या ओळीपाशी, कबरेपासून भिऊन पळालेल्या स्त्रियांपाशीच संपते, हे बाईंनी सांगितले तेव्हा एक गृहस्थ अतिशय अस्वस्थ झाले आणि पुन्हा आले नाहीत. ज्याला मी ‘चैन पडेलसे वाटत नाही’ म्हणालो तो त्यांच्याच स्वभावाचा आहे. उलट, माझ्यासारखे जे जन्मभर मंडळीत बसूनही आतून बुजलेले आहेत, त्यांना इथे हळूहळू धीर येतो. माझ्या शंका संपलेल्या नाहीत. त्या आता मला ठाऊक आहेत, कोणत्या पानावर उभ्या राहतात तेही ठाऊक आहे, आणि गृहसभेत प्रार्थना करताना त्या लपवाव्या लागत नाहीत.

त्या सहकाऱ्याला मी फेब्रुवारीत आपण होऊन त्याच्या प्रश्नाची आठवण करून दिली. मार्क जन्मकथा सांगतच नाही, मत्तय पावलोपावली जुन्या संदेष्ट्यांचा हवाला देतो, लूक थियफिल नावाच्या माणसासाठी चौकशी करून क्रमवार लिहितो आणि योहान आपण कशासाठी लिहिले ते विसाव्या अध्यायाच्या शेवटी स्वतःच सांगतो. चार माणसांनी चार ठिकाणी उभे राहून एकालाच पाहिले आहे, असे मी म्हणालो. त्याने आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर आले, दुसऱ्याचे नाही, आणि ‘वाचून सांगतो’ म्हणताना मला कसलेही ओशाळेपण वाटले नाही. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्यावे असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. भीडस्त तर मी आधीपासूनच होतो.

पुढचे वर्ष जूनच्या पहिल्या मंगळवारी रोमकरांस पत्राने सुरू होत आहे. सोळा अध्यायांसाठी तीस बैठका ठेवल्या आहेत, म्हणजे यिर्मयाची चूक ध्यानात आलेली दिसते. मी नाव दिले आहे आणि आईचेही दिले आहे. तिला जिना चढवत नाही म्हणून वर्ग तळमजल्यावरच्या खोलीत घेण्याचे बाईंनी मान्य केले. पुस्तिका घ्यायची नाही, दोनशे पानी वही आणि पेन्सिल आणायची, एवढीच सूचना आहे. वेळ अजूनही सातचीच आहे.